चिठ्ठी नसताना आईंना फिजिओथेरपिस्टकडे न्यावे का?

पत्राचा सारांश: सोलापूरच्या पूर्व भागात राहणाऱ्या एका वाचक भगिनीचे हे पत्र आहे. त्या शालेय गणवेश शिवणाऱ्या एका कारखान्यात हिशेबाचे काम करतात. त्यांच्या ५७ वर्षांच्या आई लग्न झाल्यापासून घरी विड्या वळतात. गेल्या आठ महिन्यांपासून आईंची मान आणि उजवा खांदा दुखतो, हात मागे नेऊन अंबाडा बांधता येत नाही आणि रात्री उजव्या हाताला इतक्या मुंग्या येतात की त्या उठून बसतात व हात झटकत राहतात. नेहमीच्या डॉक्टरांनी एक्स-रे काढून ‘मानेच्या मणक्यात झीज आहे, गॅप कमी झाली आहे’ असे सांगितले, गोळ्या आणि गळ्याचा पट्टा दिला. गोळ्या चालू असेपर्यंत बरे वाटते, म्हणून आता त्याच गोळ्या परस्पर मेडिकलमधून आणल्या जातात. आईंना काही वर्षांपासून मधुमेह आहे. घराजवळच एका तरुण फिजिओथेरपिस्ट बाईंचे क्लिनिक आहे आणि आईंना थेट तिथे न्यावे असे या भगिनींना वाटते. भावाचे म्हणणे असे की चिठ्ठीशिवाय तिथे जायचे नसते, त्या काही डॉक्टर नव्हेत, आधी एमआरआय काढावा. शेजारच्या बाई मान ‘बसवून’ देणाऱ्या एका माणसाचे नाव सुचवत आहेत. आईंना मात्र इतक्या वर्षांच्या डॉक्टरांना काय वाटेल याचीच काळजी आहे. त्यात एका बैठकीचे तीनशे रुपये आणि ‘दहा बैठका तरी लागतील’ असे ऐकिवात आलेले. थेट जाणे योग्य की अयोग्य, असे त्यांनी विचारले आहे.

उत्तर:

ताई, आईंना त्या फिजिओथेरपिस्ट बाईंकडे थेट नेण्यात काहीही गैर नाही, आणि यासाठी आणखी एक महिना वाट पाहण्याचे कारणही मला दिसत नाही. मात्र त्याच आठवड्यात तुमच्या नेहमीच्या डॉक्टरांचीही भेट व्हायला हवी. ती परवानगी मागण्यासाठी नको, मधुमेहासाठी आणि त्या परस्पर चालू असलेल्या गोळ्यांसाठी हवी. तुमच्या पत्रात फिजिओथेरपिस्ट आणि डॉक्टर यांच्यापैकी एकाची निवड करायची आहे असे गृहीत धरलेले दिसते. आईंच्या बाबतीत दोघांचीही गरज आहे. आधी कोणाचे दार वाजवायचे हा प्रश्न त्या मानाने लहान आहे.

भावाच्या आक्षेपापासून सुरुवात करू, कारण तो घरोघरी ऐकू येतो आणि त्यात सगळेच चुकीचे नाही. फिजिओथेरपीची पदवी हा दहावीनंतरचा एखादा लहानसा कोर्स नव्हे. महाराष्ट्रात अनेक वर्षे ती चार वर्षांचे शिक्षण आणि सहा महिन्यांची इंटर्नशिप अशी राहिली असून त्यात शरीररचना, शरीरक्रिया, मज्जासंस्था आणि सांधे-स्नायूंची तपासणी हे विषय सविस्तर शिकवले जातात. केंद्राच्या २०२१ च्या संलग्न व आरोग्यसेवा व्यवसायांविषयीच्या कायद्यात फिजिओथेरपिस्ट रुग्णाची सर्वांगीण तपासणी करून उपचार करतो, आणि तो स्वतंत्रपणे किंवा इतर आरोग्य व्यावसायिकांच्या बरोबरीने काम करू शकतो, असे म्हटले आहे. त्यांनी नावामागे ‘डॉ.’ लावावे की नाही यावरून मात्र वाद आहे. सप्टेंबर २०२५ मध्ये केंद्रीय आरोग्य सेवा महासंचालनालयाने ते लावू नये असे पत्र काढले आणि लगेच मागेही घेतले. आईंच्या खांद्याला या वादाचा काही उपयोग नाही. भावाला इतकेच सांगा की त्या बाईंची पदवी आणि महाराष्ट्र राज्याच्या ओटीपीटी (ऑक्युपेशनल थेरपी व फिजिओथेरपी) कौन्सिलची नोंदणी पाहून घे. नोंदणी क्रमांक विचारण्यात संकोच करू नये, आणि ज्याला तो विचारलेला आवडत नाही त्याच्याकडे जाऊ नये. मालिश किंवा शेक देणाऱ्या अनेक ठिकाणांवर आजकाल ‘फिजिओ’ असा बोर्ड दिसतो, त्यामुळे ही खातरजमा आवश्यक आहे.

भावाच्या बोलण्यातला खरा भाग असा की सांधेदुखीच्या वेषात क्वचित गंभीर आजार येतात आणि ते ओळखणारा माणूस वाटेत कुठेतरी असला पाहिजे. ब्रिटनमध्ये याच प्रश्नावर एक व्यवस्था उभी राहिली आहे. तिथल्या सरकारी आरोग्यसेवेत कौटुंबिक डॉक्टरकडे येणाऱ्या रुग्णांपैकी फार मोठा वाटा स्नायू-सांध्यांच्या तक्रारींचा असतो. तो ३० टक्क्यांपर्यंत जातो असे तिथे सांगितले जाते. म्हणून २०२० पासून डॉक्टरांच्या दवाखान्यातच अनुभवी फिजिओथेरपिस्ट नेमण्यासाठी तिथे निधी मिळू लागला. कंबर, मान, गुडघा, खांदा यांपैकी काही दुखत असेल तर रुग्णाला डॉक्टरांऐवजी थेट त्यांचीच वेळ दिली जाते. डॉक्टरांकडे सहसा दहा मिनिटे मिळतात, इथे साधारण वीस. या कामासाठी नुकतीच पदवी घेतलेल्यांना घेत नाहीत. अनुभव आणि गंभीर आजारांची लक्षणे ओळखण्याचे वाढीव प्रशिक्षण लागते. आणखी एक गोष्ट मला त्याहून महत्त्वाची वाटते. तिथे रुग्णाचे जुने कागद फिजिओथेरपिस्टच्या पडद्यावर असतात आणि शंका आली तर डॉक्टर शेजारच्याच खोलीत बसलेले असतात.

आपल्याकडे ती शेजारची खोली नाही. अशोक चौकातल्या दवाखान्यातली माहिती दोन गल्ल्या सोडून असलेल्या क्लिनिकपर्यंत आपोआप पोहोचत नाही. ती रुग्णाच्या पिशवीतून जाते, आणि पिशवी घरीच राहिली तर जातच नाही. चिठ्ठीचा उपयोग इथे आहे. तिच्यामुळे मनाई उठते असे नाही, पण आईंना किती वर्षे साखर आहे, रक्तदाब आहे का, कोणत्या गोळ्या चालू आहेत, पूर्वी कर्करोग, क्षयरोग किंवा मोठे ऑपरेशन झाले आहे का, हे समोरच्याला तिच्यातून कळते. चिठ्ठी नसेल तर हे सारे एका कागदावर तुम्हीच लिहून न्या. एक्स-रेची फिल्म, शेवटचे रक्ताचे रिपोर्ट आणि गोळ्यांची रिकामी पाकिटेसुद्धा न्या. ‘ती गुलाबी गोळी’ यावरून कोणालाच काही कळत नाही.

आता त्या ‘झिजे’कडे वळू. एक्स-रेत झीज दिसली, म्हणून दुखणे तिथलेच आणि म्हणून आता हे असेच राहणार, असा एक धागा तुमच्या पत्रात पहिल्यापासून शेवटपर्यंत आहे. वयाच्या ५७ व्या वर्षी मानेच्या मणक्यात काहीच बदल दिसला नाही तर मला उलट आश्चर्य वाटेल. जपानमधल्या एका मोठ्या अभ्यासात, जो २०१५ साली प्रसिद्ध झाला, मानेची कसलीही तक्रार नसलेल्या १,२११ लोकांचे एमआरआय काढले होते. त्यांतल्या जवळपास ८८ टक्के लोकांच्या मणक्यांमधली गादी बाहेर फुगलेली दिसली. या लोकांना दुखत नव्हते, हे पुन्हा एकदा लक्षात घ्यावे. तेव्हा एमआरआय काढला तर त्यात काहीतरी ‘सापडेल’ याची जवळजवळ खात्रीच आहे, पण जे सापडेल तेच आईंना झोपू देत नाही असे त्यावरून ठरणार नाही. हाताची शक्ती कमी होत चालली असेल, तोल जात असेल किंवा शस्त्रक्रियेचा विचार असेल तेव्हा एमआरआय जरूर काढावा. तोवर ते पैसे जपून ठेवा.

तुम्ही लिहिलेली लक्षणे मी दोनदा वाचली. पत्रावरून निदान करता येत नाही आणि करूही नये; तरी तपासणाऱ्याला उपयोगी पडतील अशा दोन गोष्टी तुम्ही स्वतः घरी पाहू शकता. पहिली रात्रीच्या मुंग्यांची. आज रात्री आई उठून बसल्या की त्यांना विचारा, नेमक्या कोणत्या बोटांना मुंग्या येतात, आणि करंगळीला येतात का? अंगठा, तर्जनी आणि मधले बोट बधिर होत असेल, करंगळी सुटत असेल, आणि हात झटकल्यावर बरे वाटत असेल, तर मनगटाच्या बोगद्यातून जाणारी नस तिथे दाबली जात असण्याची शक्यता मोठी आहे. कात्रीने दिवसभर पाने कापणाऱ्या आणि मनगट वाकवून विडी वळणाऱ्या हातांत हे होऊ शकते. मधुमेह किंवा थायरॉईडची कमतरता असेल तर ते अधिकच आढळते. त्याचा मानेच्या झिजेशी काही संबंध नसूही शकतो, आणि त्या वेळी गळ्याला कितीही दिवस पट्टा बांधला तरी रात्रीची झोप परत येत नाही.

दुसरी गोष्ट खांद्याची. आईंना उताणे झोपवा, उजवे कोपर काटकोनात वाकवून कुशीला टेकलेले ठेवा आणि त्यांचा पंजा हळूच बाहेरच्या बाजूला न्या. डाव्या हाताशी तुलना करा. तुम्ही नेऊनही हात बाहेर जातच नसेल, मध्येच अडत असेल, तर खांदा आखडलेला आहे. याला इंग्रजी नावाने फ्रोझन शोल्डर म्हणतात आणि मधुमेही माणसांत तो इतरांपेक्षा कितीतरी जास्त आढळतो. जोर लावू नका, अडले की तिथेच थांबा. म्हणजे मान, खांदा आणि मनगट या तीन ठिकाणी तीन वेगळ्या तक्रारी असतील आणि एका एक्स-रेने तिन्हींना एकच नाव दिले असेल, असे शक्य आहे. हे वेगळे करायला हात लावून, हालचाल करवून, शक्ती आणि संवेदना तपासून पाहावे लागते. गर्दीच्या दवाखान्यात संध्याकाळी सात वाजता बाहेर वीस माणसे बसलेली असताना डॉक्टरला ते शांतपणे करता येत नाही, त्यात डॉक्टरचा हेतू वाईट नसतो. फिजिओथेरपिस्टकडे पहिल्याच भेटीत अर्धा तास मिळाला तर हे काम तिथे अधिक नीट होईल. थेट जा असे मी म्हणतो त्याचे मुख्य कारण हेच.

गोळ्यांविषयी मी जरा कठोर बोलणार आहे. दुखणे कमी करणाऱ्या ज्या गोळ्या आई इतके महिने घेत आहेत त्या बहुधा सूज उतरवणाऱ्या वेदनाशामकांच्या गटातल्या असाव्यात, आणि मधुमेह असलेल्या माणसाने त्या परस्पर, रोज, महिनोन्‌महिने घेणे हे मूत्रपिंडासाठी धोक्याचे आहे. पोटात व्रण होणे, रक्तदाब वाढणे हेही आहेच. मेडिकलवाल्याने पाकीट पाहून दिली म्हणजे ती चालू ठेवण्यास हरकत नाही असे होत नाही. डॉक्टरांची भेट त्याच आठवड्यात घ्या असे मी वर म्हटले ते यासाठी. मूत्रपिंडाचे काम दाखवणारे क्रिएटिनिन, गेल्या तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवणारी तपासणी आणि एकदा थायरॉईड, एवढे रक्त तपासून घ्यावे. हे काम फिजिओथेरपिस्टचे नाही आणि चांगली फिजिओथेरपिस्ट ते आपणहून डॉक्टरांकडे सोपवते.

काही लक्षणे असतील तर फिजिओथेरपी बाजूला ठेवून आधी डॉक्टरच गाठावा लागतो, आणि ती आईंना आहेत का हे आजच पाहून घ्या. दुखण्याबरोबर बारीक ताप, रात्री घाम, भूक मंदावणे किंवा वजन उतरणे असेल तर मणक्याच्या क्षयाची शक्यता आपल्याकडे कधीही विसरू नये. पूर्वी कर्करोग झालेला असणे, पडल्यानंतर सुरू झालेले दुखणे, स्टिरॉइडच्या गोळ्या बराच काळ घेतलेल्या असणे, कोणत्याही स्थितीत न थांबणारे आणि वाढतच जाणारे दुखणे, हेही त्यातच येते. हातातली वस्तू गळून पडणे, ब्लाउजचे बटण लावता न येणे, चालताना पाय अडखळणे ही मानेतल्या मज्जारज्जूवर दाब असल्याची चिन्हे असू शकतात. जिना चढताना किंवा भराभर चालताना खांदा, हात किंवा जबडा दुखतो आणि थांबल्यावर कमी होतो, असे असेल तर तो खांदा नसून हृदय असू शकते. मधुमेही बायकांमध्ये हृदयाचे दुखणे छातीत न येता असे आडवाटेने येते, म्हणून तिथे एका दिवसाचाही विलंब नको. यांतले काहीही नसेल तर निश्चिंत मनाने क्लिनिकची वेळ घ्या.

मान ‘बसवून’ देणाऱ्या माणसाकडे मात्र नेऊ नका. मानेला अचानक झटका देऊन कड्‌कन आवाज काढणे यात मेंदूकडे जाणाऱ्या रक्तवाहिनीला इजा होण्याचा धोका असतो. तो क्वचित असतो, पण झाला तर अर्धांगवायूपर्यंत जातो. हाताला आधीच मुंग्या येत असताना हा जुगार कशासाठी खेळायचा?

त्या क्लिनिकमध्ये गेल्यावर काय घडावे, हे आधी माहीत असले तर पैसे योग्य ठिकाणी जातात की नाही हे तुम्हाला समजेल. पहिल्या भेटीत प्रश्न विचारले गेले पाहिजेत, आणि फक्त ‘कुठे दुखते’ एवढेच नव्हे. आई दिवसात किती तास बसतात, सूप मांडीवर कसे असते, पाने कोणत्या हाताने कापतात, हे विचारायला हवे. शक्य झाले तर आईंचे रिकामे सूप आणि कात्री सोबत न्या आणि त्या घरी बसतात तशा तिथे जमिनीवर बसून दाखवू द्या. पाच मिनिटांत तपासणाऱ्याला दिसेल की मान किती खाली जाते, उजवा खांदा कसा वर चढून राहतो, आणि प्रत्येक विडीच्या टोकाची घडी घालताना अंगठ्यावर किती जोर येतो. त्यानंतर बाईंनी आपले मत साध्या भाषेत सांगितले पाहिजे: मला हे अमुक वाटते, इतक्या आठवड्यांत इतका फरक दिसावा, आणि तो दिसला नाही तर अमक्या डॉक्टरांकडे पाठवीन. हे शेवटचे वाक्य जी व्यक्ती बोलू शकते तिच्यावर मी विश्वास ठेवतो.

आणि मग व्यायाम. आल्याआल्या पलंगावर झोपवून मशिनच्या चकत्या लावल्या, वीस मिनिटांनी काढल्या, ‘उद्या या’ म्हटले आणि असे दहा दिवस चालले, तर तो उपचार अपुरा आहे. कंबरदुखीसाठी जागतिक आरोग्य संघटनेने डिसेंबर २०२३ मध्ये जी मार्गदर्शक तत्त्वे दिली त्यांत व्यायाम आणि रुग्णाला नीट समजावून सांगणे यांवर भर आहे, आणि ट्रॅक्शन (वजने लावून ताण देणे), कंबरपट्टा यांसारख्या गोष्टी नेहमीच्या उपचारात देऊ नयेत असे म्हटले आहे. ती तत्त्वे मानेसाठी लिहिलेली नाहीत, पण आपल्याकडे ज्या सवयीने वजने टांगली जातात आणि पट्टे बांधले जातात ती सवय तीच आहे. शेक घेतल्याने बरे वाटते, ते घरी गरम पाण्याच्या पिशवीनेही वाटते, फक्त मधुमेहामुळे हाताची संवेदना कमी असेल तर चटका बसल्याचे कळत नाही, म्हणून पिशवी टॉवेलात गुंडाळून आणि आधी तुम्ही स्वतः हात लावून पाहून द्यावी. गळ्याचा पट्टा आठ महिने बांधायची वस्तू नाही. तो कसा सोडवायचा हे पहिल्याच भेटीत विचारा.

दहा बैठकांचे तीन हजार रुपये आगाऊ भरू नका. दोन किंवा तीन चांगले व्यायाम, ते रोज किती वेळा करायचे आणि किती दुखले तर थांबायचे, एवढे पहिल्या भेटीत मिळाले तर पुढची भेट आठवड्याने आणि त्यापुढची दोन आठवड्यांनी घेतली तरी चालते, कारण बरे करणारे काम घरी होते. आखडलेल्या खांद्याला काही भेटी अधिक लागतील, त्या तेव्हा ठरवता येतील. तुमच्या पत्रात एक ओळ सहज येऊन गेली आहे की आईंना मराठी समजते पण घरात तेलुगूच बोलतात. व्यायाम त्यांना तेलुगूत समजावून घ्या आणि मोजणीही तेलुगूतच होऊ द्या. पूर्व भागात तेलुगू बोलणारे पुष्कळ आहेत, त्यामुळे तिथल्या क्लिनिकमध्ये हे कठीण जाऊ नये. मोबाइलवर आईंचाच व्हिडिओ काढून ठेवा. परक्या माणसाचा व्हिडिओ पाहून केलेला व्यायाम बहुधा चुकतो.

विश्रांती घ्या, विड्या बंद करा, असे तुम्हाला कोणीतरी सांगेल. मजुरी हजार विड्यांच्या हिशेबाने मिळते तिथे या सल्ल्याचा अर्थ काय होतो हे तुम्हाला माहीतच आहे. काम बंद न करता ते बदलता येते का ते पाहू. आईंनी भिंतीला पाठ टेकून, पाटावर किंवा दुमडलेल्या चादरीवर बसावे म्हणजे कंबर उंच होईल. मांडीवर उशी ठेवून तिच्यावर सूप ठेवले की ते चार बोटे वर येते आणि मान तेवढी कमी वाकते. पाने कापण्याचे काम एका बैठकीत न संपवता दोन-तीन वेळांत वाटावे, कात्रीला धार असावी, आणि निदान काही आठवडे कापणी घरातल्या दुसऱ्या कोणी करावी. भावाला एमआरआयची इतकी काळजी आहे तर हे काम त्याला द्यायला हरकत नाही. ठरावीक जुड्या बांधून झाल्या की उठून पाणी पिऊन यावे. मुंग्या मनगटाच्या नसेच्याच आहेत असे ठरले तर रात्री मनगट सरळ ठेवणारी पट्टी फिजिओथेरपिस्ट देतील. ती बहुधा पहिल्या काही आठवड्यांतच झोप सुधारते.

डॉक्टरांना काय वाटेल, हा आईंचा प्रश्न मला महत्त्वाचा वाटतो, कारण ज्या माणसाने घरातली बाळंतपणे, ताप, सारे पाहिले त्याला सोडून दिल्यासारखे वाटू नये ही भावना चांगली आहे. पण त्यांना न सांगता जाण्याने ते अधिक दुखावतील. सरळ जाऊन म्हणा: ‘डॉक्टर, गोळी असते तोवर आईला बरे असते, मग पुन्हा दुखते, आणि आम्ही तीच गोळी तुम्हाला न विचारता चालू ठेवली आहे. आता व्यायाम शिकवून घ्यावा असे वाटते. साखर-मूत्रपिंडाच्या तपासण्या लिहून द्याल का, आणि तिथे दाखवायला चार ओळी?’ बहुतेक डॉक्टर हे आनंदाने करतील. फिजिओथेरपिस्टलाही सांगा की तुम्हाला काय आढळले ते डॉक्टरांसाठी लिहून द्या. दोन कागद एकमेकांकडे गेले की जी शेजारची खोली आपल्याकडे नाही तिचे निम्मे काम होते.

खर्च झेपत नसेल तर सिव्हिल हॉस्पिटलमध्ये, म्हणजे छत्रपती शिवाजी महाराज सर्वोपचार रुग्णालयात, चौकशी करा. तिथे गर्दीमुळे सकाळ मोडते, पण पहिली तपासणी तिथे करून व्यायाम घरी आणि नंतरची देखरेख जवळच्या क्लिनिकमध्ये अशी विभागणी करता येते. घरात कोणाचे ईएसआय (कर्मचारी राज्य विमा) कार्ड असेल आणि त्यावर आईंचे नाव लागलेले असेल तर तोही मार्ग आहे. आईंकडे विडी कामगाराचे ओळखपत्र आहे का तेही पाहा. विडी कामगारांच्या कल्याण निधीचा कायदा १९७६ सालचा आहे आणि त्या निधीतून कामगारांच्या उपचारासाठी दवाखाने चालवले गेले आहेत. निदान साखरेच्या गोळ्या आणि तपासण्यांचा भार तिथे हलका होऊ शकतो का, हे विचारण्यात काही जात नाही.

हे पत्र वाचणाऱ्या इतरांसाठी दोन शब्द. यंत्रमागावर दिवसभर उभे राहून कंबर धरलेली असो, शिलाई मशिनवर मान अवघडलेली असो किंवा जिना उतरताना गुडघा दुखत असो, वर सांगितलेली धोक्याची चिन्हे नसतील तर पात्र आणि नोंदणीकृत फिजिओथेरपिस्ट ही पहिली पायरी असण्यास हरकत नाही. कंबरदुखीत लघवी अडणे किंवा सुटणे, शौचावरचा ताबा जाणे, मांड्यांमधली जागा बधिर होणे यांपैकी काही झाले तर रात्रीचे दोन वाजले असले तरी रुग्णालय गाठावे. घोटा मुरगळला आणि चार पावलेही टाकता येत नसतील तर आधी एक्स-रे. एखादा सांधा अचानक लाल, गरम होऊन सुजला आणि ताप आला तर डॉक्टर, त्याच दिवशी. पंचविशी-तिशीतल्या तरुणाची कंबर तीन महिन्यांहून अधिक काळ दुखते, सकाळी अर्धा तासाहून जास्त वेळ आखडलेली असते आणि चालल्या-फिरल्यावर मोकळी होते, तर ते श्रमाचे दुखणे नसून संधिवाताचा एक प्रकार असू शकतो. त्याने संधिवाताच्या तज्ज्ञाला दाखवावे.

ताई, आईंसाठी साधारण सहा आठवड्यांची मुदत धरा. तेवढ्यात रात्रीची झोप सुधारायला हवी. खांदा सावकाश सुटतो, त्याला कधीकधी वर्षाहून अधिक काळ लागतो, म्हणून तिथे अंबाडा बांधता येणे ही पहिल्या महिन्याची परीक्षा ठेवू नका. खांद्यात इंजेक्शन देण्याचा विचार पुढे निघालाच तर त्यानंतर काही दिवस साखर वाढते हे ध्यानात ठेवून ते डॉक्टरांच्या सल्ल्यानेच घ्यावे. मुंग्या दिवसाही राहू लागल्या, अंगठ्याच्या मुळाशी असलेला मांसल उंचवटा डाव्या हाताच्या मानाने सपाट दिसू लागला किंवा विडीचा दोरा बांधताना चिमूट सुटू लागली, तर सहा आठवडे पुरे होण्याची वाट न पाहता अस्थिरोग तज्ज्ञांना दाखवून नसेची तपासणी करून घ्या. नस मनगटातच दाबली गेली असेल आणि ती मोकळी करावी लागली, तर ती शस्त्रक्रिया लहान असते, बहुधा तेवढाच हात बधिर करून होते आणि रुग्ण सहसा त्याच दिवशी घरी येतो.